ताशी दहाच्या आत कळणारी गाडी

गंगापूर रोड, नाशिक.
दि. २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मागच्या सोमवारी मिळाले. डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तुला क्लचची गाडी चालवणे बंद करायला सांगितले, हे वाचून वाईट वाटले. पण त्यावर हातपाय गाळून न बसता तू ऑटोमॅटिक गाडी शोधू लागलास, याचा आनंदही झाला. २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आल्याने घरची मंडळी तुझ्यामागे लागली आहेत, आणि शोरूममध्ये गेल्यावर मात्र तुला सगळ्या गाड्या एकसारख्याच वाटतात, असे तू लिहिले आहेस. त्यावर मी घाईने दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो, तर ते आपल्या मैत्रीला शोभले नसते, म्हणून आठवडाभर माझी वही चाळून आज सविस्तर लिहायला बसलो आहे.

वही कसली, तेही सांगतो. निवृत्तीनंतर मी मंदारच्या, म्हणजे माझ्या पुतण्याच्या, पाथर्डी फाट्याजवळच्या दुकानात रोज सकाळी दोन-तीन तास बसतो. तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, आणि विकायला आलेली गाडी घ्यायची की नाही हे ठरवण्यापूर्वी तिची ट्रायल घेण्याचे काम त्याने माझ्याकडे दिले आहे. गेल्या तीन वर्षांत लहान पेट्रोल गाड्यांपासून विजेवरच्या मोठ्या गाड्यांपर्यंत चाळीसहून अधिक गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि प्रत्येकीबद्दल चार ओळी मी वहीत लिहून ठेवल्या. माझा रस्ता ठरलेला असतो: द्वारकेवरून शालिमार, तिथून रविवार कारंजा, अशोक स्तंभ आणि पुढे गंगापूर रोडने धरणापर्यंत. गाडी फारच आवडली तर मंदारच्या परवानगीने मी तिला सप्तशृंगी गडाच्या घाटात किंवा कसाऱ्याच्या उतारापर्यंत नेतो.

या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. गाडीचा स्वभाव ताशी दहा किलोमीटरच्या आत कळतो. ऐंशी-शंभरच्या वेगाला आजकालची जवळजवळ प्रत्येक गाडी चांगलीच धावते. रस्ते सुधारले, चासी सुधारल्या, इंजिने सुधारली. परंतु रविवार कारंज्यावर सणाच्या आदल्या दिवशी पुढे हातगाडी, डावीकडे रिक्षा, उजवीकडे दुचाकीवरचे कुटुंब आणि मागे बसचा भोंगा अशा स्थितीत गाडीला वीतभर पुढे सरकवायचे असते, तेव्हा ती आपल्या पायाचे ऐकते की स्वतःच्या मनाने उसळते, हे पाहण्यासारखे असते. तुझ्या काकांनी आपल्याला त्यांच्या प्रीमियर पद्मिनीवर धरणाच्या रस्त्याला शिकवले, ते आठवते ना? गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, पुढे सलग बाकासारखी सीट, आणि चढावर गाडी उभी करून मागच्या चाकाला टेकवून ठेवलेली काड्यापेटी. हँडब्रेक न लावता, केवळ हाफ क्लचवर गाडी उचलायची आणि काड्यापेटी चिरडू द्यायची नाही, ही त्यांची परीक्षा होती. तू ती माझ्या दोन दिवस आधी उत्तीर्ण झालास. त्या वेळी डाव्या पायाला जे कळत असे, ते आता यंत्राला कळावे लागते, आणि ऑटोमॅटिक गाड्यांमधला खरा फरक नेमका तिथेच आहे. विक्रेते मात्र सगळ्यांना एकाच 'ऑटोमॅटिक' या शब्दात बसवतात, म्हणून तुला त्या सारख्या वाटल्या.

सगळ्यांत स्वस्त प्रकार एएमटीचा. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर तो आला आणि मध्यमवर्गाला ऑटोमॅटिक परवडू लागली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच आपल्या नेहमीच्या गाडीचेच असतात, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पायाहाताऐवजी एक यंत्रणा करते. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर इंजिनाची ताकद चाकांपासून तुटते आणि मान किंचित पुढे जाते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हे सर्वाधिक जाणवते. मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलण्याच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला की तो धक्का जवळजवळ नाहीसा होतो, ही युक्ती मला दोन दिवसांत जमली. पण गर्दीत आणि चढावर माझे समाधान झाले नाही. जुने नाशिक टेकड्यांवर वसलेले असल्याने तिथल्या अरुंद चढांवर एएमटीची एक गाडी, जिला चढावर धरून ठेवणारी हिल होल्डची सोय नव्हती, माझ्याखाली हातभर मागे आली आणि मागच्या दुचाकीवरच्या बाईंचा चेहरा मला आरशात दिसला. मी लगेच ब्रेक दाबला आणि काही झाले नाही, परंतु त्या दिवसापासून ही सोय आहे की नाही हे मी गाडीत बसण्यापूर्वीच विचारतो. तूही विचार.

दुसरा प्रकार डीसीटीचा, म्हणजे दोन क्लचचा. एका क्लचकडे एक, तीन, पाच हे गिअर आणि दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असल्याने बदल पापणी लवायच्या आत होतो. हमरस्त्यावर हा गिअरबॉक्स चालवताना फार मजा येते, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. मात्र सरपटत्या गर्दीत त्याला तेच करावे लागते जे आपण पद्मिनीवर करत होतो: हाफ क्लच. लहान गाड्यांमध्ये हे क्लच बहुधा कोरडे असतात, आणि चढावर तासभर हाफ क्लच चालला की ते तापतात. उन्हाळ्यात एका गाडीच्या डॅशबोर्डवर मला तापल्याची सूचना आली आणि पंधरा मिनिटे गाडी बाजूला उभी करावी लागली. नागपूरच्या मे महिन्यात तुझ्यावर तो प्रसंग येऊ नये असे मला मनापासून वाटते.

टॉर्क कन्व्हर्टर हा सर्वांत जुना प्रकार, आणि मंद गतीत मला तो आजही अतिशय आवडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. ब्रेक सोडला की गाडी आपण होऊन पाण्यातल्या नावेसारखी सरकू लागते, आणि पाय फक्त ब्रेकवर ठेवून अख्खी गर्दी पार करता येते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींवरचा पट्टा लहान-मोठ्या व्यासावर सरकत राहतो, त्यामुळे धक्का बसायला जागाच नसते. एकदम जोराने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन आधी ओरडते आणि गाडी नंतर वेग घेते, याची सवय करून घ्यावी लागते. पण तू आणि मी या वयात सिग्नलवर कोणाशी शर्यत लावणार आहोत? सीव्हीटीची नवी होंडा अमेझ मी गेल्या पावसाळ्यात चालवली. चार सिलिंडरचे १.२ लिटरचे इंजिन, उभ्या गाडीत हाताला कंप जाणवत नाही, आणि शालिमार ते अशोक स्तंभ या टप्प्यात उजव्या पायाने जेवढे मागितले तेवढेच तिने दिले. वहीत मी तिच्यापुढे 'काड्यापेटी शाबूत' असे लिहिले आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत असल्याने ती अठरा टक्क्यांच्या कक्षेत बसते, हेही तुझ्या सोयीचे आहे.

आता विजेच्या गाड्यांकडे येतो, कारण तुझ्या मुलीने त्यांचाच आग्रह धरला आहे. पहिल्यांदा नेक्सॉन ईव्ही चालवली तेव्हा दहाच्या आतल्या माझ्या कसोटीचा मलाच नव्याने विचार करावा लागला. मोटार शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देते, क्लच नाही, गिअर बदलणे नाही, इंजिन बंद पडण्याचा प्रश्न नाही. चढावर वीतभर सरकवायचे तर बरोबर वीतभरच सरकते. पेट्रोलच्या छोट्या टर्बो इंजिनांमध्ये खालच्या फेऱ्यांवर गाडी आधी मरगळलेली राहते आणि मग अचानक जोर करते, त्याच्या नेमके उलटे हे वागणे आहे. गडाच्या घाटात नांदुरीच्या पुढच्या आवळ वळणांवर टर्बो गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये दम भरावा लागतो. विजेची गाडी तिथे नुसती चढत जाते, आणि तेही इतक्या शांतपणे की काच खाली केल्यावर दरीतल्या पाखरांचा आवाज ऐकू येतो. सौ. शेजारी बसल्या होत्या, त्यांनी गडावर पोहोचेपर्यंत एकदाही दाराचे हँडल धरले नाही. माझ्या गाडी चालवण्याला इतक्या वर्षांत मिळालेली ती सर्वांत मोठी पावती आहे.

उतारावर ती आणखी निराळी वागते. पाय उचलला की मोटारच जनित्र होते, गाडीला आवरते आणि तीच शक्ती बॅटरीत परत भरते. इगतपुरीहून कसाऱ्याचा घाट उतरताना मी आकड्यावर लक्ष ठेवून होतो. खाली पोहोचेपर्यंत चार्जिंग कमी होण्याऐवजी एका टक्क्याने वाढलेले होते. लोक दहा-दहा टक्के वाढल्याचे सांगतात, तसे मला दिसले नाही. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की संपूर्ण घाटात ब्रेक जेमतेम चार-पाच वेळा दाबावे लागले आणि ते तापले नाहीत. याच घाटात आगगाडीला वर चढवायला मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे लहानपणी आपण इगतपुरीच्या फलाटावर उभे राहून पाहिले आहे. तो सदतीस फुटांना एक फूट असा चढ डोळ्यांपुढे आणलास, तर उतारावर एवढ्या वजनाला आवरणे म्हणजे काय ते तुला लगेच कळेल. यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: घाटमाथ्यावरच बॅटरी पूर्ण शंभर टक्के भरून उतरायला सुरुवात केली, तर परत येणारी शक्ती साठवायला जागाच उरत नाही आणि हे आवरणे फार कमी होते. म्हणून उताराआधी थोडी जागा राखून चार्जिंग थांबवावे. ही साधी बाब गाडी विकणाऱ्या एकाही माणसाने मला आपणहून सांगितलेली नाही.

मग विजेचीच गाडी घे, असे मी का म्हणत नाही, असे तू विचारशील. तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस आणि तुमच्या सोसायटीत चार्जिंगसाठी जागा देण्यावरून अजून वाद चालू आहे, असे तूच कळवले होतेस. घरी किंवा सोसायटीत रात्रभर चार्ज करता येत असेल, तर आज मी दुसरी गाडी सुचवली नसती. तेवढी सोय झाली की मला लगेच कळव, माझे मत बदलेल.

मधला मार्ग हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेल्या गाडीचा आहे, आणि त्याने मला अपेक्षेपेक्षा अधिक जिंकले. ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या दोन्ही मी चालवल्या. त्यांच्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, पण त्यात पट्टा नसतो. ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या गिअरांच्या संचातून इंजिन आणि दोन मोटारी यांचे काम एकत्र आणलेले असते. टोयोटाने ही मांडणी १९९७ साली प्रियसमध्ये आणली, म्हणजे ती आता पुरती मुरलेली आहे. गर्दीत गाडी बहुतेक वेळ मोटारीवरच सरकते आणि बॅटरी उतरली की इंजिन कधी सुरू झाले हे लक्ष दिल्याशिवाय समजत नाही. चार्जिंगची चिंता नाही. किंमत अर्थातच मोठी आहे आणि अठरा टक्क्यांचा लाभ या गाड्यांना नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहितो. सातपूरला तयार होणारी थार मी चालवली ती मुख्यतः आपल्या गावची गाडी म्हणून. उंचावर बसून पावसाळ्यातल्या अंजनेरीच्या बाजूचे खराब रस्ते ती ज्या सहजतेने तुडवते, ते पाहून ऊर भरून आला, पण उंच पायरी चढणे तुझ्या गुडघ्याला मानवणार नाही. तीन मीटरहूनही आखूड असलेली विजेची कॉमेट सराफ बाजाराच्या गल्लीत अशी वळली की दुकानातले लोक बाहेर येऊन पाहू लागले. महिंद्राची विजेवरची बीई ६ चालवून मी अर्धा तास काही न बोलता बसलो होतो. एवढी ताकद इतक्या शांतपणे हाताखाली येईल असे पद्मिनी चालवताना आपल्याला कोणी सांगितले असते, तर आपण विश्वास ठेवला नसता. तरीही ती तुझ्या गरजेची गाडी नाही.

ज्या गोष्टीने मला नव्या गाड्यांबद्दल खरोखर काळजी वाटते, ती म्हणजे पुढच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब. गाडी उलटली तर छत दबू नये आणि आतल्या पडद्यासारख्या एअरबॅगांना जागा मिळावी म्हणून ते जाड झाले आहेत. कारण योग्य आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडीची टक्कर घडवून सुरक्षितता तपासण्याच्या, चाचण्या आपल्याकडे सुरू झाल्यामुळे कंपन्या सुरक्षिततेकडे अधिक लक्ष देऊ लागल्या, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्या खांबाआड अख्खी दुचाकी, तिच्यावरच्या माणसांसह, लपते. गंगापूर रोडच्या एका चौकात उजवीकडे वळताना शाळेतून परतणारी सायकलवरची मुलगी मला त्या खांबामुळे दिसली नाही. ती खांबाच्या पलीकडे आली तेव्हा दिसली. मी ताशी आठच्या वेगाने होतो म्हणून थांबलो. तेव्हापासून प्रत्येक वळणावर मी मान आणि खांदे पुढे-मागे हलवून खांबाच्या मागे पाहतो. सीट उंच करून बसलास तर थोडा फरक पडतो, पण ही सवय लावून घेतलीच पाहिजे. शोरूममध्ये उभ्या गाडीत बसून हे कळत नाही. चौकात वळल्यावरच कळते.

डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनच्या पडद्यांविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. एसीचा पंखा कमी करायला रस्त्यावरून नजर काढून पडद्यावर बोट शोधत फिरवावे लागणे मला पटत नाही. युरोपातील एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मूलभूत गोष्टींना खरी बटणे असण्यावर गुण ठेवले आहेत, तेव्हा हे मत केवळ आपल्या पिढीचे नाही. तुझ्या गाडीत एसीला फिरवायची गोल बटणे असतील, एवढे मात्र बघ.

तू समृद्धीने नाशिकला येणार, म्हणून रडार आणि कॅमेऱ्याच्या साहाय्याने गाडी आवरणाऱ्या यंत्रणांविषयीही लिहितो. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल त्या रस्त्यावर उत्तम चालतो, कारण पट्टे स्पष्ट आहेत आणि आडवे कोणी येत नाही. शहरात मी ही यंत्रणा जवळजवळ पूर्ण बंद ठेवतो; रिक्षा पुढे घुसली की गाडी आपणहून जोराने ब्रेक लावते आणि मागचा माणूस त्यासाठी तयार नसतो. मात्र समृद्धीवर त्याहून महत्त्वाचे टायर आहेत. सिमेंटचा तापलेला रस्ता, ताशी १२० ची मर्यादा आणि तासन्‌तास एकाच वेगाने धावणारी चाके. त्यात टायर जुना किंवा हवा कमी असली तर तो फुटायला वेळ लागत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. जुनी गाडी घेणार असलास तर आधी ते वाच. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी सोय असलेली गाडी मिळाली तर तिला झुकते माप दे.

माझी स्वतःची गाडी कोणती, असे तू शेवटी विचारले आहेस. अजून तीच, २०१० ची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे या उन्हाळ्यात तिची तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. माझे गुडघे अजून साथ देत आहेत आणि तिच्या क्लचचा उचलण्याचा नेमका बिंदू माझ्या पायाला अंधारातही सापडतो. एवढ्या नव्या गाड्या चालवूनही संध्याकाळी तिच्यात बसलो की मला बरे वाटते.

तुझ्यासाठी माझा निर्णय असा: सोसायटीत चार्जिंगची सोय होणार नसेल तर सीव्हीटीची लहान पेट्रोल गाडी घे, पैसे अधिक घालायची तयारी असेल तर हायब्रिड पाहा, एएमटी आणि डीसीटी दोन्ही सोड. पण केवळ माझ्या शब्दावर घेऊ नकोस. ट्रायलला जाताना विक्रेत्याला मोकळ्या रस्त्याकडे नेऊ देऊ नकोस. सीताबर्डीला संध्याकाळी सातच्या गर्दीत ने, आणि एखाद्या चढावर थांबवून पुन्हा उचलून बघ. वहिनींना मागच्या सीटवर बसव, मान हलली की नाही हे त्या तुझ्याहून चांगले सांगतील. गुडघ्याचा पट्टा त्या दिवशी घरीच ठेव, आणि उतरल्यावर लगेच नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते मला कळव. संक्रांतीनंतर नवी गाडी घेऊन आलास तर आपण दोघे धरणाच्या त्याच चढावर जाऊ. काड्यापेटी मी आणतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत